दोन वह्यांमधलं कासव

कृष्णाकाठच्या शंकराच्या बहुतेक जुन्या देवळांत नंदीच्या पुढे, गाभाऱ्याच्या अलीकडे, फरशीत दगडी कासव बसवलेलं असतं. त्याच्या पाठीवर फूल वाहायचं, हात लावून तो कपाळाला लावायचा आणि मग आत जायचं, हा शिरस्ता वाईपासून सांगलीपर्यंत कुणाला शिकवावा लागत नाही. या दगडी पाठी शेकडो वर्षांच्या स्पर्शानं गुळगुळीत झाल्या आहेत. नदीतल्या आणि विहिरीतल्या जित्या कासवाची पाठ मात्र अशी स्वच्छ कधीच नसते. तिच्यावर हिरवट-तपकिरी बुळबुळीत थर असतो. आपण त्याला शेवाळ म्हणतो आणि पुढे जातो. त्या थरात तंतूंसारखं हिरवं शेवाळ असतं, निळं-हिरवं शेवाळ असतं आणि डायटम असतात. डायटम म्हणजे सिलिकेच्या, म्हणजे काचेच्याच जातीच्या, कवचात राहणारी एकेका पेशीची शेवाळं. त्यांची लांबी साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यापासून दहाव्या हिश्श्यापर्यंत. सातारा आणि सांगलीच्या पाण्यांचा निसर्ग-इतिहास दोनशे वर्षं लिहिला जातो आहे. या काळात कासवं मोजली गेली, शेवाळंही मोजली गेली. दोन्ही जिथे एकत्र राहतात ती जागा, कासवाची पाठ, मात्र त्या लेखनात बाजूला पडली. ती फार बारीक होती किंवा फार क्षुल्लक होती म्हणून हे झालं, असं मला वाटत नाही. प्राण्यांची वही एकाकडे होती आणि वनस्पतींची दुसऱ्याकडे, आणि ही पाठ नेमकी दोन वह्यांच्या मध्ये आली. यात नदीच्या इतिहासाचं नुकसान झालं आणि त्यातलं काही अजून भरून काढता येईल, हे मला इथे दाखवायचं आहे.

प्राण्यांच्या वहीपासून सुरुवात करू. कर्नल विल्यम सायक्स यांनी १८२४ ते १८३१ या काळात मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा केली आणि त्या फिरतीत इथल्या पक्ष्यांची नि माशांची शास्त्रीय नोंद सुरू झाली. कासवांची पाळी पुढे आली. १८७२ साली ब्रिटिश म्युझियमच्या जॉन एडवर्ड ग्रे यांनी पुण्याकडून आलेल्या एका मऊ पाठीच्या कासवाला मुंबई इलाख्यातले डॉक्टर लीथ यांचं नाव दिलं. आज त्याचं शास्त्रीय नाव निल्सोनिया लीथाय. पुण्याचं पाणी भीमेला जातं आणि भीमा कृष्णेला, म्हणजे हे कृष्णा खोऱ्याचंच कासव. ग्रे यांनी कासवं पाहिली ती लंडनमधल्या कपाटात. मऊ पाठीच्या कासवांची वर्गवारी ते कवटीच्या ठेवणीवरून आणि पोटाकडच्या हाडांवरच्या खरखरीत गाठींवरून करत. त्यासाठी हाड स्वच्छ हवं. मांस काढायचं, कवच उकळायचं, खरवडायचं, वाळवायचं. स्पिरिटमध्ये ठेवलं तर शेवाळाचा हिरवा रंग काही दिवसांत उतरून जायचा. संग्रहालयाच्या दृष्टीनं ही सगळी काळजीच होती, आणि तिच्यामुळेच आपल्याला कासवांची नावं मिळाली. पण कासव ज्या पाण्यात वाढलं त्या पाण्याची खूण कवच धुताना आधी जाई. ती खूण नको म्हणून कुणी टाकली नाही. ती खूण आहे, हेच त्या कामाच्या पद्धतीत बसत नव्हतं.

या पद्धतीची मर्यादा ज्याला सर्वांत सहज ओलांडता आली असती असा एक माणूस सातारा जिल्ह्याच्या पाण्यांच्या इतिहासात आहे. त्याचं नाव नेल्सन ॲनन्डेल. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये तो होता आणि १९१६ साली भारतीय प्राणी सर्वेक्षण स्थापन झालं तेव्हा त्याचा पहिला संचालक झाला. एका सजीवाच्या अंगावर दुसरा सजीव कसा राहतो हे ॲनन्डेलला नवं नव्हतं. बार्नेकलांवर त्यानं काम केलं होतं. गोड्या पाण्यातले स्पंज, हायड्रा आणि शेवाळासारखे दिसणारे पॉलिझोआ यांच्यावर १९११ साली त्याचा ग्रंथ आला होता, आणि हे सगळे प्राणी दगडाला, लाकडाला, शिंपल्यांना चिकटून जगणारे. पुढच्याच वर्षी, १९१२ साली, भारतातल्या मऊ पाठीच्या कासवांवर त्याचा मोठा निबंध छापून आला. म्हणजे पाठ कुणाची आणि पाठीवर काय राहू शकतं, या दोन्ही बाबी एकाच माणसाच्या टेबलावर होत्या. १९१९ साली त्यानं मुंबई इलाख्यातल्या छोट्या ओढ्यांवर निबंधमाला काढली आणि तिच्यातला एक निबंध मुख्यतः सातारा आणि पुणे जिल्ह्यांतल्या माशांवर होता. त्या मालेच्या शीर्षकातच तिची हद्द दिसते: ओढ्यांतली प्राणिसृष्टी. जिथे शीर्षकातच वनस्पती बाहेर राहते, तिथे कासवाच्या पाठीवरचं शेवाळ आत कसं येणार? दोष ॲनन्डेलचा नव्हे. त्याची संस्थाच प्राण्यांसाठी होती. वनस्पतींचं सर्वेक्षण १८९० पासून वेगळ्या खात्याकडे होतं.

त्याच्याही आधीचा एक प्रसंग याहून बोलका आहे आणि तो सातारा जिल्ह्याचाच आहे. मालवणात जन्मलेल्या एका तरुण मराठी अभ्यासकाला, शंकर पुरुषोत्तम आघारकरांना, १९११ च्या सुमारास वेण्णा-कोयनेच्या खोऱ्यांत गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला. समुद्रातलं म्हणून ओळखलं जाणारं प्राणिरूप सह्याद्रीच्या नद्यांत असावं, ही त्या काळी मोठीच बातमी होती. ॲनन्डेलनं त्याचं वर्णन करून लिम्नोक्निडा इंडिका हे नाव दिलं, आणि त्याच्या राहणीवर ग्रेव्हली यांच्यासोबत आघारकरांनी लिहिलं. म्हणजे आघारकर सुरुवातीला पाण्यातल्या प्राण्यांचे अभ्यासक होते. पुढे ते जर्मनीला गेले, पहिल्या महायुद्धात तिथे अडकले, बर्लिनहून वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट घेऊन परतले आणि कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९४६ साली पुण्यात त्यांच्या पुढाकारानं महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली. तीच आजची आघारकर संशोधन संस्था, आणि आज तिथे डायटमांवर काम चालतं. एकाच आयुष्यात दोन्ही वह्या हाताळलेला हा माणूस. पण त्यालाही त्या एकामागून एक हाताळाव्या लागल्या. आधी प्राणी, मग वनस्पती. दोन्ही एकत्र उघडायला त्या काळच्या विद्यापीठांत खुर्ची नव्हती, पगार नव्हता, परीक्षेचा पेपरही नव्हता. माझ्या म्हणण्याला याहून चांगला पुरावा मला दिसत नाही. पाहायची नजर आणि हुशारी आघारकरांकडे भरपूर होती. आड आली ती अभ्यासाची वाटणी.

आता दुसरी वही. शेवाळांची. मुंबईत एला गोन्साल्विस आणि हेमेंद्रकुमार पृथ्वीराज गांधी यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी मुंबई आणि साष्टीच्या डायटमांची पद्धतशीर यादी केली. नंतर गांधींनी कोल्हापूर आणि परिसराचे डायटम पाहिले, तिथल्या मातीतले सुद्धा. १९५९ साली त्यांचा पन्हाळगडावरच्या डायटमांचा निबंध परदेशी नियतकालिकात आला. एकट्या माणसानं शिकवण्याचं काम सांभाळून, स्वतः हातानं चित्रं काढून केलेलं हे काम आजही पहिल्या दर्जाचं मानलं जातं आणि त्याबद्दल मराठी वाचकाला फार कमी माहिती आहे, याचं वाईट वाटतं. १९६२ साली कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ झालं आणि सातारा, सांगली, कोल्हापूरची महाविद्यालयं एका छत्राखाली आली. १९६३ साली ना. दे. कामतांचा कोल्हापूरच्या शेवाळांवरचा जवळजवळ शंभर पानांचा निबंध आला. १९८४ साली सरोदे आणि कामत यांनी महाराष्ट्राच्या गोड्या पाण्यातल्या डायटमांचं पुस्तक औरंगाबादहून काढलं. पश्चिम महाराष्ट्रात शेवाळ ओळखायला शिकलेल्या पिढ्या या कामांवर वाढल्या. या सूचींची मांडणी शेवाळाच्या कुळांनुसार असते. प्रत्येक जातीपुढे जागा लिहिलेली असते: तळं, डबकं, ओली भिंत, धबधब्याचा खडक, शेतातली माती. ही सगळी निर्जीव ठिकाणं. ज्या सजीवावर शेवाळ वाढतं तो यजमान प्राणी लिहिण्यासाठी या मांडणीत रकाना नाही, जसा प्राण्यांच्या सूचीत पाठीवरच्या वनस्पतीसाठी नाही. सरकारी गॅझेटियरांनीही हीच वाटणी पक्की केली. सातारा जिल्ह्याचं १८८५ चं गॅझेटियर काय किंवा १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून वेगळ्या झालेल्या आणि १९६० साली सांगली हे नाव मिळालेल्या जिल्ह्याचं नंतरचं दप्तर काय, प्राणी एका भागात आणि झाडझाडोरा दुसऱ्या भागात.

यावर पहिला आक्षेप येईल तो साधनांचा. इतकं बारीक शेवाळ पाहायला तेव्हा सूक्ष्मदर्शक कुठे होते? हा आक्षेप टिकत नाही. डायटमांची सुंदर चित्रं युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच छापली जात होती. कासवाच्या पाठीवरचं शेवाळ तर १८८६ सालीच जर्मन शास्त्रज्ञ पीटर यांनी वर्णिलं. युरोपातल्या तळ्यातल्या कासवाच्या कवचावर चकतीसारखं पसरणारं हिरवं शेवाळ त्यांना दिसलं आणि त्यांनी त्याला डर्मटोफायटॉन हे नाव दिलं. अमेरिकेत कॉलिन्स यांनी १९०७ साली कासवाच्या पाठीवरच्या तंतुमय शेवाळाला नाव दिलं. १९३० साली हॉफमन आणि जोसेफिन टिल्डन या दोघांनी अशा शेवाळांसाठी बॅसिक्लॅडिया ही स्वतंत्र प्रजातीच मांडली. या शेवाळाच्या तळाच्या पेशी कवचाच्या शिंगासारख्या पत्र्यांत रुजतात आणि वरचे तंतू पाण्यात लवतात. म्हणजे ॲनन्डेल सातारच्या ओढ्यांवर लिहीत होता तेव्हा कासवाच्या पाठीला वनस्पतिशास्त्रात जागा मिळून तीस वर्षं उलटली होती. भिंगं कलकत्त्यालाही होती, मुंबईलाही होती. अमेरिकेत हे जमलं कारण तिथे शेवाळाच्या अभ्यासकानं कासव हातात घेतलं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कासवाच्या पाठीवर जे वाढतं ते शेजारच्या दगडावरही वाढत असेल तर नवं काय निसटलं? दगड तर गांधी-कामतांनी खरवडलेच होते. याचं उत्तर अलीकडच्या कामानं दिलं आहे. अमेरिकेतल्या ओक्लाहोमात वू आणि बर्गी या दोन संशोधकांनी स्नॅपिंग टर्टल या कासवांच्या पाठीवरचे डायटम तपासून २०१७ साली निष्कर्ष छापले. जागोजागी पाठीवरचा समुदाय बदलत होता, पण एक प्रजाती सगळीकडे वरचढ होती: ल्युटिकोला. ही प्रजाती एरवी ओल्या मातीवर, दमट भिंतीवर, कधी ओलं कधी कोरडं अशा ठिकाणी राहणारी. कासव पाण्यात उतरतं, काठावर येतं, ऊन खातं, पुन्हा उतरतं. त्याच्या पाठीवर हीच ओल-कोरडीची फेरी चालते, आणि ती सोसणारे डायटम तिथे टिकतात. पाण्यात कायम बुडालेला दगड ही परिस्थिती देऊ शकत नाही. ब्राझीलमध्ये रिओ नेग्रो नदीतल्या कासवावरून २०१२ साली वर्णिलेल्या एका नव्या डायटमाची प्रजाती तर त्याआधी समुद्रातल्या व्हेलवर्गीय प्राण्यांच्या त्वचेवरून माहीत झालेली होती. नदीच्या दगडाशी तिचा संबंध नाही, जिवंत अंगाशी आहे. तेव्हा पाठीवरच्या समुदायात दगडावरचे पाहुणे असतात हे मान्य, पण घरमालक वेगळे असतात.

ल्युटिकोलाच्या बाबतीत आपल्या जुन्या याद्या पुन्हा चाळण्याचं आणखी एक कारण आहे. ही प्रजाती वेगळी काढली गेली ती १९९० साली. त्याआधी तिच्या जाती नॅव्हिक्युला या मोठ्या प्रजातीत मोडत. ओळखायची खूण मात्र ठळक आहे. पाठीवर मऊ ब्रश फिरवायचा, खाली आलेलं तपकिरी पाणी बाटलीत घ्यायचं, आम्लात उकळून त्यातला सेंद्रिय भाग जाळायचा, तळाशी राहिलेली पांढुरकी भुकटी धुऊन काचेवर बसवायची आणि हजारपट मोठी करून तेलाच्या भिंगातून पाहायची. होडीच्या आकाराचं पारदर्शक कवच दिसतं. मधोमध एक रेघ, दोन्ही बाजूंना ठिपक्यांच्या ओळी, आणि मध्यभागी मोकळ्या जागेत एकाच बाजूला एकटं सुटं छिद्र. ते एक छिद्र दिसलं की ल्युटिकोला असण्याची दाट शक्यता. गांधींच्या पिढीची चित्रं इतकी नेटकी आहेत की नावं जुनी असली तरी ही खूण त्यांत शोधता येते.

तिसरा आक्षेप आपल्या नद्यांबद्दलचा आहे आणि त्यातलं अर्धं मी मान्य करतो. कृष्णेतली ठळक कासवं मऊ पाठीची. त्यांच्या पाठीवर शिंगासारखे पत्रे नाहीत, कातडी आहे. ती वाळूत, गाळात स्वतःला पुरून घेतात आणि अंग घासत राहतात. बॅसिक्लॅडियासारख्या मुळं धरणाऱ्या शेवाळाला तिथे थारा मिळणं कठीण. म्हणून ओक्लाहोमाच्या कासवावरून कृष्णेच्या कासवाचा निष्कर्ष काढायचा नाही, हे बरोबरच. पण सातारा-सांगलीच्या पाण्यांत केवळ मऊ पाठीची कासवं नाहीत. ओढ्यांत, तळ्यांत, विहिरींत काळसर, टणक पाठीचं, तीन उभ्या कण्यांचं कासवही आहे, मेलानोकेलिस ट्रायजुगा. त्याच्या कण्यांच्या मधल्या पन्हळींत गाळ साचतो, पत्र्यांच्या सांध्यांत ओल टिकते. आणि मऊ कातडीवर मुळं धरता येत नसली तरी चिकट स्रावानं धरून राहणारे डायटम आणि निळं-हिरवं शेवाळ बसू शकतं. दोन प्रकारच्या पाठी एकाच पाण्यात असणं ही तुलनेची दुर्मीळ सोय आहे. आक्षेपातूनच खरं तर अभ्यासाचा चांगला प्रश्न निघतो: एकच नदी, दोन पाठी, कोणावर काय टिकतं?

इथवर पंडितांच्या वह्यांबद्दल बोललो. पण या भागात कासवाकडे पाण्याच्या अंगानं पाहणारी आणखी एक परंपरा होती आणि ती जास्त जुनी आहे. विहिरीत कासव सोडायची. महाराष्ट्रात खेडोपाडी ही चाल होती: नवी विहीर बांधली किंवा जुनी उपसली की ओढ्यातलं कासव आणून सोडायचं. ते किडे, बेडूकमासे, पडून मेलेलं काहीबाही खातं आणि पाणी राखतं, असा समज. साताऱ्याजवळ लिंबला बारा मोटांची विहीर आहे. वीरूबाई भोसले यांनी ती १७१९ ते १७२४ या काळात बांधली. अष्टकोनी, आत उतरायला जिना, वर मोटांच्या जागा आणि मध्ये चक्क महाल. अशी भव्य विहीर एखादीच. पण माण, खटाव, आटपाडी, जत या अवर्षणी तालुक्यांत साधी दगडी विहीर हाच गावाचा श्वास होता. तिच्या पाण्याची काळजी घेण्याचं जे काही शास्त्र गावाकडे होतं, त्यात कासव होतं. सणासुदीला त्याला नैवेद्य दाखवणारे लोकही त्याला पाण्याचा राखणदारच मानत.

हा समज कितपत खरा? आरोग्याच्या दृष्टीनं पाहिलं तर फारसा नाही. कासव रोगजंतू खात नाही, त्याची विष्ठा पाण्यातच पडते, आणि एका कासवानं विहिरीचं रसायन बदलत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कासव फुप्फुसानं श्वास घेतं. पाण्यातला प्राणवायू संपला, मासे मेले, तरी नाक वर काढून ते जगू शकतं. म्हणून जितं कासव म्हणजे चांगलं पाणी, हा ताळा चुकतो. पण या परंपरेला अंधश्रद्धा म्हणून मोडीत काढणं मला पटत नाही. पाण्याची प्रत पाण्यात राहणाऱ्या जिवावरून ओळखावी, ही त्यामागची कल्पना पक्की आहे. युरोपात कोल्कविट्झ आणि मार्सन यांनी १९०८ च्या सुमारास हीच कल्पना शास्त्रीय पद्धतीत बसवली: घाणीच्या प्रमाणानुसार कोणते सूक्ष्म जीव येतात, कोणते जातात, याची उतरंड. १९६९ साली पामर यांनी प्रदूषण सोसणाऱ्या शेवाळांची यादी केली आणि आज आपल्याकडची महाविद्यालयं नदी तपासताना तीच वापरतात. निट्झशिया पेलिया नावाचा डायटम वाढला की सांडपाणी येतंय हे ओळखायचं. तेव्हा गावानं साक्षीदार निवडायला योग्य जागी हात घातला होता. खरा साक्षीदार कासवाच्या पाठीवर बसलेला होता, आणि तो दाखवू शकणारी शेवाळाची वही गावापर्यंत कधी आली नाही.

विहिरीतलं कासव आणखी एका आक्षेपाचं उत्तर देतं. कासव हिंडतं, म्हणून त्याच्या पाठीवरचं शेवाळ कोणत्या पाण्याचं हे सांगता येत नाही; दगड बरा, तो जागचा हलत नाही, असं म्हणता येईल. नदीतल्या कासवापुरतं ते रास्त आहे. नदीकाठच्या मेणवलीला दिसलेलं कासव आयुष्यभर मेणवलीलाच होतं असं नाही. पण विहिरीतलं कासव सोडल्या दिवसापासून त्याच पाण्यात. किती उजेड उतरतो, पाणी कुठवर चढतं नि उतरतं, आजूबाजूच्या शेतात काय पिकतं, हे सगळं गावाला माहीत. अनेक वर्षं एका जागी बांधलेलं निरीक्षण केंद्र याहून वेगळं काय असतं? आणि या विहिरींत विसाव्या शतकात मोठे बदल झाले. मोट होती तेव्हा पाणी बैलांच्या चालीनं, हळूहळू उतरे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात, आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी वसवली. तिथल्या पंपांनी, आणि मग गावोगाव आलेल्या विजेनं, मोट संपवली. पंपानं पाणी काही तासांत तळ गाठू लागलं आणि रात्रीत पुन्हा भरू लागलं. ऊस वाढला, त्याबरोबर खतं वाढली आणि शेतातून झिरपणाऱ्या पाण्यात नत्र वाढलं. पुढे नळ आले, पिण्यासाठी विहिरीकडे पाहणं थांबलं, पुष्कळ विहिरी कचऱ्यानं भरल्या. उजेड, पाण्याची पातळी, नत्र, या तिन्ही गोष्टींचा शेवाळावर थेट परिणाम होतो. मोटेच्या काळातल्या विहिरीतलं कासव पंपाच्या काळापर्यंत जगलं असेल तर त्याच्या पाठीवरचा समुदाय नक्की बदलला असणार. कासवं दीर्घायुषी असतात. एका कासवानं दोन्ही काळ पाहणं अशक्य नाही.

गेलेलं सगळं गेलं का? नाही, आणि हे केवळ आशेनं म्हणत नाही. डायटमाचं कवच सिलिकेचं असल्यानं ते कुजत नाही. नेदरलँड्समध्ये व्हान दाम आणि मर्टेन्स यांनी १९९३ साली जुन्या वनस्पती-संग्रहातल्या वाळवून ठेवलेल्या पाणवनस्पतींवरून डायटम मिळवले आणि त्यावरून त्या तळ्यांचं जुनं पाणी कसं होतं हे ओळखलं. वनस्पती जपणाऱ्यानं पाणी जपण्याचा विचारही केला नव्हता. ते आपोआप जपलं गेलं. हेच कासवाच्या कवचाला लागू पडतं, फक्त एका अटीवर: कवच घासून धुतलेलं नसावं. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारख्या संस्थेकडे, प्राणी सर्वेक्षणाकडे, महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांतल्या काचेच्या कपाटांत जुनी कवचं असतात. ज्यांच्यावर संग्रहाची जागा आणि साल लिहिलेलं आहे, त्यांच्या पत्र्यांच्या सांध्यांत, कण्यांच्या पन्हळींत, कडेच्या घडीत गाळ राहिला असेल तर तो त्या नदीचा, त्या सालचा गाळ आहे. स्पिरिटच्या बरणीच्या तळाशी साचलेली साय सुद्धा टाकून द्यायची नसते. रंग गेला तरी काच राहते.

जित्या कासवाबाबत मात्र हात आखडता हवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्या कासवांना संरक्षण दिलं आहे. ती पकडणं, पाळणं, विहिरीत नेऊन सोडणं आज गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. लीथचं कासव तर अतिसंकटग्रस्त ठरलं आहे. विहिरीत कासव सोडायची परंपरा पुन्हा सुरू करा असं कुणी सुचवू नये. पण कोरड्या विहिरीत अडकलेली, पुरात शेतात आलेली, माशांच्या जाळ्यात सापडलेली कासवं वन खात्याकडे येतातच. त्यांची मोजमापं होतात, जखमा तपासल्या जातात, आणि साहजिकच अंग स्वच्छ धुतलं जातं. ते धुण्याच्या आधी, परवानगी घेऊन, मऊ ब्रशनं पाठीचा तळहाताएवढा भाग घासून ते पाणी बाटलीत भरायला पाच मिनिटं पुरतात. कासवाला काही इजा होत नाही. बाटलीवर कासवाची जात लिहायची, पाठ टणक की मऊ ते लिहायचं, गाव, विहीर किंवा नदी, आणि तारीख. मग ती बाटली प्राणिशास्त्राच्या विभागात न ठेवता वनस्पतिशास्त्राच्या विभागात पाठवायची. सातारा आणि सांगलीच्या बहुतेक विज्ञान महाविद्यालयांत हे दोन्ही विभाग एकाच इमारतीत आहेत.